दाखल्यावरची जात आणि तुटलेली दोस्ती

दहावीचा शेवटचा पेपर सुटला की शाळेच्या फाटकाबाहेर एक सोहळा होतो. पोरं एकमेकांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर निळ्या-लाल पेनाने सह्या करतात. कोणी टोपणनाव लिहितो, कोणी बदाम काढतो, कोणी ‘दोस्ती तुटायची नाय’ असे ठणकावून लिहितो. शाईने भरलेला तो सदरा पोरं जपून ठेवतात. आई धुवायला निघाली तर भांडतात. हा झाला मार्च महिना. जून संपतो तेव्हा सदरा असतो, सह्याही असतात. पण सह्या करणाऱ्यांपैकी किती जण एकमेकांच्या दारात उभे राहतात, हे कोणी पाहत नाही.

कोणी विचारील, यात लिहिण्यासारखे काय आहे? चळवळीपुढे नोकऱ्यांचे, शिक्षणाच्या खासगीकरणाचे, अत्याचारांचे डोंगराएवढे प्रश्न उभे असताना पोरांच्या दोस्तीवर शाई कशाला खर्च करायची? वय वाढते, वाटा वेगळ्या होतात, दोस्त सुटतात. जगाची रीतच आहे. आम्हीही काल-परवापर्यंत असेच म्हणत होतो. पण २०२५ सालच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील एका आईने आम्हाला रस्त्यात थांबवले आणि आमचा हा शहाणपणा उतरला.

मराठवाड्यातील तालुक्याचे गाव. नवरा नगरपालिकेत रोजंदारीवर, ती स्वतः चार घरची धुणी-भांडी करणारी. म्हणाली, “जयभीम भाऊ. पोरगं बोलेना झालंय. जेवतंय, झोपतंय, पर बोलत नाही. मैदानावर जायचं बी सोडलं. तुम्ही एकदा बघा.” दहावीला पोराला ७१ टक्के मिळाले होते. घरच्यांना वाटले, मार्क कमी पडले म्हणून हिरमुसला असेल. आम्हालाही तसेच वाटले. आम्ही मनात एक भाषण तयार करून गेलो. बाबासाहेबांनी किती कष्टात अभ्यास केला, तू खचू नकोस, वगैरे. पोराने ते सगळे मान खाली घालून ऐकले आणि म्हणाला, “काका, मार्कांचं काही नाही.”

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. पाचवीपासून पाच पोरांची टोळी. एकाच बाकावर, एकाच शिकवणीला. वर्गणी काढून घेतलेली एकच बॅट. हा त्यांच्या घरी जेवलेला. ते १४ एप्रिलला याच्या घरी खीर खाऊन, मिरवणुकीत नाचून गेलेले. शाळेतून दाखला मिळाला त्या दिवशी पाचही जण झेरॉक्सच्या दुकानात गेले. सगळ्यांचे कागद एका गठ्ठ्यात होते. एकाने सहज याचा दाखला उचलला, जातीचा रकाना मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “अरे, मग तुला काय टेन्शन! तुझं तर होऊनच जाईल.” सगळे हसले. हाही हसला.

त्यांना जात आधी ठाऊक नव्हती काय? गावात कोणाची जात लपून राहते! पण ती तोवर मोठ्या माणसांची माहिती होती. त्या दिवशी ती पोरांची झाली. पुढे अकरावीचे अर्ज भरले गेले. जूनअखेर पहिली यादी लागली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या कॉलेजात विज्ञान शाखेला याचे नाव लागले आणि ७४ टक्क्यांच्या दोस्ताचे लागले नाही. त्या दिवसापासून मोबाईलवरचा त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मुका झाला. नंतर कळले की चौघांचा दुसरा ग्रुप निघाला आहे. मैदानावर जमायची वेळ बदलली, ती याला कोणी सांगितली नाही. पोरगा आम्हाला म्हणाला, “काका, शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. त्यांनी काहीच केलं नाही. नुसतं बोलवायचं सोडलं.”

आमच्याजवळचे भाषण संपले. कारण त्याने जे सांगितले त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. जातीवरून शिवी दिली तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पाणवठ्यावर अडवले तर कायदा आहे. पण सोळा वर्षांच्या पोराला संध्याकाळी मैदानावर बोलावले नाही, याला कोणते कलम लावायचे? फिर्याद कोणावर करायची?

बाबासाहेबांना हा प्रश्न ठाऊक होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुतेचा आग्रह धरला. बंधुता नसेल तर बाकीची दोन तत्त्वे वरवरची राहतील, असा इशारा दिला. आपण समतेसाठी लढलो, कायदे मिळवले, जागा मिळवल्या आणि त्या टिकवण्यासाठी आजही लढतो आहोत. पण बंधुता हा शब्द आपण प्रास्ताविकेच्या सामूहिक वाचनापुरता ठेवला. ती कायद्याने येत नाही. ती शाळेच्या बाकावर, डब्यात आणि मैदानावर येते, आणि तिथेच मोडते. दहावीनंतरची सुटी हा ती मोडण्याचा हंगाम आहे. दहा वर्षे एका पटावर असलेली पोरं या तीन-चार महिन्यांत पहिल्यांदा वेगवेगळ्या रकान्यांत टाकली जातात. निकाल, दाखला, जातीचे प्रमाणपत्र, प्रवेशाचा अर्ज, गुणवत्ता यादी, या प्रत्येक कागदावर पोराला कळते की आपण नुसते दोस्त नाही, आपण ‘कॅटेगरी’ आहोत.

आता त्या ‘तुला काय’चा हिशेब करू. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. त्या कोणाच्या ताटातून ओढून घेतलेल्या नाहीत, शतकानुशतके ज्यांना ताटच दिले नव्हते त्यांचा तो वाटा आहे. ज्याला खुल्या यादीइतके मार्क आहेत, त्या आमच्या पोराचे नाव खुल्या यादीतच लागते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. दुसरीकडे व्यवस्थापन कोट्यातून कमी मार्कांवर शिरलेल्या पोराला कोणी ‘तुला काय’ म्हणत नाही. त्याचे कौतुक होते, बापाची ओळख आहे म्हणतात! २०१९ साली घटनादुरुस्ती होऊन आरक्षण नसलेल्या वर्गांतील आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण मिळाले. त्या जागेवर प्रवेश घेतला म्हणून कोणाची टोळी फुटल्याचे आम्ही ऐकले नाही. मग दोस्ती तुटते ती नेमकी कशावर? मार्कांवर तुटत असती तर व्यवस्थापन कोट्यावरही तुटली असती. ती जातीवर तुटते आणि नाव मार्कांचे पुढे केले जाते.

हे आपल्या पोराला आकड्यांनिशी सांगितले पाहिजे. कारण टोमणा ऐकून हसणारे पोर मनातून तो टोमणा खरा मानू लागते. ‘मी दुसऱ्याच्या जागेवर बसलो आहे’ हा विचार एकदा मनात घुसला की पुढे कॉलेजात, वसतिगृहात, नोकरीत तो पोराला मान वर करू देत नाही. अकरावीपासून मिळणारी शिष्यवृत्ती १९४४ सालापासून चालू आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. हा इतिहास ठाऊक असलेले पोर शिष्यवृत्तीचा अर्ज चोरून भरणार नाही, चारचौघांत भरील.

पण एवढ्यावर थांबणे आम्हाला पटत नाही. आपले काही कार्यकर्ते अशा वेळी म्हणतात, “बरं झालं, डोळे उघडले. ते आपले नव्हतेच. आपला पोरगा आपल्यात राहील.” त्यांचा संताप आम्ही समजू शकतो. मात्र यात एक धोका आहे. जात म्हणजे माणसाने माणसात मिसळू नये म्हणून घातलेली भिंत. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी आदर्श समाज सांगितला तो परस्परांत सतत देवाणघेवाण असलेला, सहजीवनाचा. तीच भिंत आपण आतून लिंपून घ्यायची आणि पोराला म्हणायचे की बाहेर बघूच नकोस, यात जिंकले कोण? झेरॉक्सच्या दुकानात ते वाक्य बोलणारा दोस्त सोळा वर्षांचाच होता. ते वाक्य त्याचे नव्हते. घरात जेवताना बाप बोलला असेल, मामा बोलला असेल, ते त्याच्या तोंडून बाहेर आले. चार दिवसांपूर्वी तेच पोर आपल्या घरी खीर खात होते, तेही खोटे नव्हते.

मग पोराला सांगायचे काय? लाचारी करून त्यांच्यामागे जा, असेही नाही. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला मित्र ओळखण्याची कसोटी सांगितली आहे. जो फक्त घेतो, जो तोंडदेखला गोड बोलतो, जो नाशाच्या वाटेवर सोबत करतो, तो मित्र नव्हे. जो मदतीला येतो, सुखात आणि दुःखात सारखाच राहतो, हिताचे सांगतो, तो मित्र. या कसोटीत जातीचा रकाना नाही. ती आपल्या जातीच्या दोस्ताला लागते तशी परजातीच्या दोस्तालाही लागते. आणि पोराला स्वतःलाही लागते. मैत्री हा आपल्या धम्मातला गाभ्याचा शब्द आहे. करुणा माणसांपुरती, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांविषयी, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये समजावले. ज्यांच्या धम्मात मैत्रीला इतके मोठे स्थान आहे, त्यांच्या पोरांनी मैत्रीवरचा विश्वास सोडावा, हा पराभव होईल.

मुलींच्या बाबतीत तर दोस्तीची गोष्ट उमलण्याआधीच संपते. गावातली शाळा दहावीपर्यंत, कॉलेज तालुक्याला. पाच मैत्रिणींपैकी दोघी पुढे जातात, एकीला घरातली कामे लागतात, एकीसाठी स्थळ बघणे सुरू होते. निरोप समारंभातला फोटो हीच शेवटची भेट. मुलाशी बोलली तर मोबाईल काढून घेतला जातो. याबाबत आपली घरेही फार वेगळी वागतात असे आम्ही म्हणणार नाही. आणि मुलगा आपला, मुलगी सवर्णाची असेल तर नुसते बोलणेही किती महाग पडते, हे खर्ड्याने दाखवले. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. नितीन शिकत होता. तो उन्हाळाच होता. या वयातल्या बोलण्या-चालण्याला ‘पोरखेळ’ म्हणून झटकणाऱ्यांनी खर्डा विसरू नये.

आता जरा आपल्याकडेही बघू. निकाल लागला की वस्तीत गुणवंतांचा सत्कार होतो. मंडप, शाल, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांची भाषणे. ८५ टक्क्यांच्या वर ज्यांना मिळाले ते व्यासपीठावर. ५२ टक्केवाला खुर्च्या लावायला. नापास झालेला त्या दिवशी वस्तीत थांबतच नाही. सत्कार करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण आपणच आपल्या पोरांच्या ओळी लावतो आणि वरच्या ओळीतल्या पोराला खालच्या ओळीतला दोस्त नकोसा होतो, हेही घडते. आमच्याच वस्तीत शहरात शिकवणीला गेलेले पोर आयटीआयला गेलेल्या बालमित्राला पाहून रस्ता बदलताना आम्ही पाहिले आहे. चौघांनी एकाला वगळले म्हणून आपण चिडतो. आपल्यातले वगळणे आपल्याला दिसत नाही.

ज्यांच्या नावाने हा सत्कार होतो त्यांचे मार्क किती होते? १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे साडेसदतीस टक्के. आजच्या मंडपात त्यांना खुर्च्या लावायला ठेवले असते! आणि त्या शाळेत दोस्तीची काय कथा होती? गुरुजींनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गातली पोरं डबे उचलायला धावली. ही हकिगत त्यांच्या चरित्रात आहे. इतक्या पोरांच्या वर्गात तो मुलगा एकटा होता.

पण त्याच वयात त्यांना एक मित्र भेटला. परळच्या चाळीतली एक खोली, अभ्यासाला जागा नाही. म्हणून भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकरही येत. रोज एकटाच पुस्तक घेऊन बसणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी आपणहून चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली. पुढे कौतुकाच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. कॉलेजचे शिक्षण पैशांवाचून अडले तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळूसकर गुरुजी आपल्या समाजाचे नव्हते, भीमरावांच्या शाळेचेही नव्हते. त्यांनी एकच गोष्ट केली. एकट्या बसलेल्या पोराशेजारी जाऊन ते बसले. त्या बुद्धचरित्रापासून निघालेली वाट १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचली, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

आमचे म्हणणे एवढेच आहे. उन्हाळ्याच्या त्या तीन महिन्यांत आपल्या प्रत्येक वस्तीला एक केळूसकर पाहिजे. त्यासाठी निधी नको, ठराव नको. बुद्धविहार संध्याकाळी उघडे ठेवा, पण भाषणासाठी नको. कॅरम ठेवा, वर्तमानपत्रे ठेवा, चार पुस्तके ठेवा. वस्तीतील शिकलेल्या प्रत्येक माणसाने तीन-चार पोरं वाटून घ्यावीत. शिक्षक, तलाठी, नर्स, बँकेतला कारकून, कोणीही चालेल; मुलींसाठी शिकलेल्या बायांनी पुढे यावे. त्यांच्याबरोबर सेतू केंद्रात जावे, अर्ज भरताना शेजारी बसावे. वसतिगृह मिळाले नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, ती समजावून सांगावी. भेटल्यावर पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ हा विचारू नये. ‘कोणाबरोबर खेळतोस सध्या?’ हा विचारावा. उत्तर द्यायला पोर अडखळले तर समजावे की इथे बसायला हवे. आणि पोर अन्न-झोप टाकत असेल, जिवाचे काही भलते बोलत असेल तर संकोच न करता डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणखी एक. विहाराच्या अंगणात सामना ठेवाल तेव्हा पोरांना सांगा, शाळेतल्या जुन्या दोस्तांनाही बोलवा. येतील ते येतील. न येणाऱ्यांचे ओझे पोराने का वाहावे? पण बोलावणे आपल्याकडून गेले पाहिजे. बंधुतेचा हक्क मागणाऱ्यांनी बंधुतेची सुरुवात करायला लाजू नये.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तो जिल्ह्याच्या ठिकाणी अकरावीला गेला, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहिला. चौघांपैकी एक जण दिवाळीच्या सुटीत त्याच्या घरी आला. झेरॉक्सच्या दुकानातल्या गोष्टीचा विषय त्याने काढला नाही, यानेही काढला नाही. दोघे बॅट घेऊन मैदानावर गेले. बाकी तिघे आले नाहीत. एवढेच झाले. आम्ही याला विजय म्हणत नाही, पण पोर पुन्हा बोलू लागले, असे त्याच्या आईने सांगितले.

तेव्हा वाचकहो, निकालानंतर पेढे वाटून झाले की एकदा आपल्या वस्तीतून संध्याकाळी चक्कर मारा. सगळी पोरं मैदानावर असताना कोणते पोर घरात भिंतीला टेकून बसले आहे, ते बघा. त्याला उपदेश करू नका. शेजारी जाऊन बसा. जयभीम.